मशीननंतरचा हात

इंजिनाचं हेड मशीनवरून उतरलं की काम संपतं, असं एक मत आहे. काम तिथून पुढे सुरू होतं, असं दुसरं. विरार पूर्वेला मनवेलपाड्यात ही दोन्ही मतं एकाच घरात नांदू शकतात, कारण एक पिढी कानशीवर वाढली आणि तिची मुलं-भाचरं वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांत व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, प्रोग्रॅम लावतात. पुढच्या संवादातले मामा आणि भाचा मी रचलेले आहेत. त्यांचा वाद रचलेला नाही, आणि त्यात येणारी मापं तर नाहीच नाहीत.

मामांनी फिटर म्हणून हात बसवला तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात. किर्लोस्करवाडी १९१०ची, पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ची. विहिरीवरचं डिझेल इंजिन पश्चिम महाराष्ट्रात घरचं झालं, तसं त्याच्या भागांचं ओतकाम आणि मशीनकाम कोल्हापुरात रुजलं. मामा त्या मुशीतले. आता त्यांचं सगळं मनवेलपाड्यातल्या एका शटरच्या गाळ्यात आहे: बाक, व्हाइस, कॉम्प्रेसर, कानशींचा डबा. भाचा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. बाकावर दोन हेडं आहेत. एक बिडाचं, एका सिलिंडरच्या पंपाच्या इंजिनाचं. दुसरं ॲल्युमिनियमचं, मोटरसायकलचं.

भाचा: मामा, हे बिडाचं हेड मशीन होऊन आलंय. फेस झालाय, गाइड बसलेत, सीट कापलीय. आता तुम्ही ग्राइंडर कशाला जोडताय?

मामा: आत बोट घाल. सीटच्या खाली, कटर जिथं थांबला तिथं. काय लागतंय?

भाचा: पायरी आहे. अर्धा मिलिमीटर असेल. पण एकाच बाजूला.

मामा: मशीन चुकलं म्हणायचं?

भाचा: मशीन नाही चुकलं. कटर गाइडच्या सेंटरवर अचूक फिरलाय. पोर्ट ओतताना वाळूचा कोअर सरकलाय, म्हणून पोर्ट एका अंगाला गेलं.

मामा: कुणाकडनं का झालं असंना, हवा त्या पायरीवर आपटणार. ती पायरी काढायला मी ग्राइंडर जोडतोय. बाकी कशाला हात लावणार नाही.

मामांचं हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. हेड म्हणजे इंजिनाचं झाकण, पण त्या झाकणातूनच हवा आत येते आणि धूर बाहेर जातो. हे रस्ते, म्हणजे पोर्ट, वाळूच्या कोअरभोवती धातू ओतून तयार होतात. व्हॉल्व्हची सीट आणि तिच्याखालचा गळा मात्र मशीनवर कापतात. ओतलेला भाग आणि कापलेला भाग जिथे भेटतात, तिथे एक रेघ उरते. कधी ती बोटाला जाणवतही नाही, कधी चांगली पायरी असते. हातकामाचा बराचसा जीव या रेघेत आहे. ती मोडायची, पण सीटला ओरखडा जाऊ द्यायचा नाही आणि पलीकडे पाण्याच्या जॅकेटपर्यंत भिंत पातळ होऊ द्यायची नाही. बाहेरून काही दिसत नाही. बोटाला लागतं आणि कानाला ऐकू येतं: ग्राइंडरच्या टोकाचा कार्बाइडचा बर नीट कापत असला की एकसुरी आवाज येतो, थरथरायला लागला की आवाज फाटतो.

भाचा: पाच अक्षांच्या मशीनवर ही रेघच राहत नाही. एक पोर्ट मनासारखा झाला की प्रोबनं त्याचा आकार घ्यायचा, प्रोग्रॅम करायचा, आणि गोल नाकाचा कटर पोर्टच्या आतपर्यंत फिरवायचा. चार सिलिंडरचं हेड असेल तर चारही पोर्ट सारखे येतात. तुमच्या हातानं चार पोर्ट चार तऱ्हेचे होतात. सकाळचा पहिला आणि संध्याकाळचा चौथा, दोन्ही सारखे असं तुम्ही छातीठोक सांगाल?

मामा: नाही सांगणार.

भाचा: मग?

मामा: आरं, तो पहिला मनासारखा पोर्ट कुणी केला? ज्याचा तू आकार घेतलास?

भाचा: हातानं केलेला होता. मान्य. पण एकदाच. नंतर हजार वेळा हात कशाला?

मामा: हजार हेडं असली तर नकोच. माझ्याकडं हजार येत नाहीत. एकेक येतं, आन् प्रत्येकाचं दुखणं निराळं.

इथे भाच्याची बाजू लंगडी नाही. एकाच मापाची हेडं हजारांनी करायची असतील तर हातानं सारखेपणा राखता येत नाही, आणि राखायचा अट्टहासही धरू नये. आतल्या छेदांच्या तोंडावरचे दुसऱ्या अर्थाचे बर, म्हणजे कापल्यावर कडेला उरलेले धातूचे बारीक काटे, काढायलासुद्धा आता कारखान्यांत मोठमोठ्या सोयी आहेत. कुठे जोरदार दाबाचं पाणी मारतात, कुठे खरखरीत लगदा छिद्रांतून दाबून ढकलतात, कुठे बंद भांड्यात वायू पेटवून क्षणभराच्या उष्णतेत बर जाळून टाकतात. या सगळ्या सोयींना एकच गोष्ट लागते, ती म्हणजे पुनरावृत्ती. तोच जॉब, तोच फिक्स्चर, पुन्हा पुन्हा. दुरुस्तीच्या गाळ्यात नेमकी तीच नसते.

मनवेलपाड्यापासून अर्नाळ्याचं बंदर लांब नाही. या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, आणि बोटी ओढून वर घेतल्या की इंजिनं उघडायचा हंगाम येतो. अर्नाळा असो, वसईचं पाचूबंदर असो की वर सातपाटी, एका बोटीचं हेड दुसऱ्या बोटीच्या हेडासारखं नसतं. कुणाचं सलग तापून वाकलेलं, कुणाच्या दोन व्हॉल्व्हच्या मधे केसासारखी चीर, कुणाची सीट आधीच तीनदा कापून खोल गेलेली. ते मशीनवर चढवावंच लागतं. फेसिंग हातानं करू म्हणणाऱ्याला बाकावर बसूच देऊ नये, कारण हातानं एमरी मारली की कडा गोल होतात आणि गॅस्केट तिथेच फुंकते. पण मशीनवरून उतरल्यावर प्रत्येक हेडाला एकदा कुणीतरी वाचावं लागतं.

मामा: हे मोटरसायकलचं बघ. तेलाच्या भोकाच्या तोंडाशी कापसाचा बोळा फिरव.

भाचा: तंतू अडकला.

मामा: तिथं बर आहे. डोळ्याला दिसला का?

भाचा: नाही.

मामा: इंजिन तापल्यावर तो सुटणार, तेलाबरोबर फिरणार, कुठल्यातरी बुशात जाऊन रुतणार. आता चेंबरची कड बघ. मशीननं सुरीसारखी धार ठेवलीय.

भाचा: ती धार तापून लाल होते आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं. ते मला माहीत आहे. पण मामा, ती धार मारायची सोय प्रोग्रॅममध्येच करता येते. चॅम्फरचा एक पास.

मामा: मग करत का नाही?

भाचा: सायकल टाइम वाढतो.

मामा: मला तर कोण सायकल टाइम विचारत नाही. ‘संध्याकाळपर्यंत द्या’ एवढंच म्हणतात.

मोटरसायकलच्या हेडाबद्दल एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे, कारण तरुण मुलं पैसे मोजून हेड खराब करून घेतात. पोर्ट आरशासारखा चमकवून हवा, अशी त्यांची मागणी असते. कार्ब्युरेटरच्या किंवा पोर्टमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात, आत येणाऱ्या हवेच्या रस्त्याला आरसा लागत नाही. भिंतीवर पेट्रोलचा पातळ थर बसतो, आणि किंचित खरखरीत भिंतीवरून तो सुटून हवेत मिसळायला मदत होते. म्हणून जाणता फिटर इनटेकला साठ-ऐंशी नंबरच्या पेपरवर थांबतो. धुराच्या बाजूला गुळगुळीत चालतं, कारण तिथे काजळी कमी धरते. पोर्ट मोठा केला की ताकद वाढते, हाही असाच गैरसमज. रस्ता नको तितका रुंद केला की हवेचा वेग पडतो आणि गाडी खालच्या आरपीएमला मरगळते. मामा-भाच्याचं इथे एकमत आहे, म्हणून हा भाग मी त्यांच्या तोंडी घातला नाही. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ निकष लागू झाले. तेव्हापासूनच्या, रस्त्यावर चालवायच्या गाडीचं हेड असं कोरून घेणं धुराच्या हिशेबात बसत नाही आणि कायद्याच्याही. शर्यतीच्या ट्रॅकवरची गोष्ट वेगळी.

भाचा: आता या पंपाच्या हेडाकडे या. हा इनटेक पोर्ट गोगलगायीसारखा वळलेला आहे. हवेला भोवरा यावा म्हणून मुद्दाम तसा ओतलाय. डिझेल त्या भोवऱ्यात मिसळतं. तुम्ही इथे ग्राइंडर फिरवलात तर भोवरा मोडेल.

मामा: म्हणून तर सुरुवातीलाच म्हटलं, पायरीशिवाय कशाला हात लावणार नाही. वळणाला बोट लावीन, बर नाही लावणार.

भाचा: सगळे फिटर असं म्हणत नाहीत.

मामा: नाहीत म्हणत. खरं आहे.

भाचा: आणि सीट? तुम्ही आता पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासणार.

मामा: घासणार. हलक्या हातानं.

भाचा: सीट पंचेचाळीस अंशाची कापलीय आणि व्हॉल्व्ह साडेचव्वेचाळीसचा आहे. तो अर्धा अंश मुद्दाम ठेवलेला आहे, म्हणजे बाहेरच्या कडेला बारीक रेघेवर व्हॉल्व्ह बसतो आणि चालता चालता जागा करून घेतो. तुम्ही घासलंत की तो अर्धा अंश गेला. आणि काही व्हॉल्व्हच्या तोंडावर कठीण थर असतो, तोही गेला.

मामा थोडा वेळ गप्प राहतात. मग कपाटातून प्रशियन ब्ल्यूची ट्यूब काढतात. व्हॉल्व्हच्या तोंडाला बोटानं रंगाचा अगदी पुसट थर देतात, व्हॉल्व्ह गाइडमध्ये सोडतात, दाबून जेमतेम पाव वळसा देतात आणि उचलतात. सीटवर निळी रेघ उमटलेली असते. ती सगळीकडे सारखी आहे का, कुठे तुटली आहे का, आतल्या कडेला आहे की बाहेरच्या, हे ते उजेडाकडे धरून बघतात. या रेघेत एका ठिकाणी नखाएवढी फट आहे.

मामा: इथं बसत नाही. आता सांग, मशीननं कापलेलं का बसत नाही?

भाचा: गाइड बसवताना किंचित कलला असेल. किंवा कटरला मधोमध धरणारा पायलट गाइडमध्ये सैल असेल.

मामा: मग काय करू?

भाचा: पुन्हा मशीनवर. नवा पायलट घालून सीटवरून एक हलका कट.

मामा: बरोबर. घासून ही फट भरायला गेलो तर बाकीची सीट रुंद होईल. पेस्ट फट दाखवायला ठीक, फट मिटवायला नाही. हे मला माझ्या वस्तादानं सांगितलं होतं. अंशाचं मात्र तुझं ऐकतो. नव्या व्हॉल्व्हला पेस्ट नाही लावत, निळ्यावरच तपासतो.

मला हा सगळा वाद ज्या जागी सर्वात मोलाचा वाटला ती जागा हीच. निळी रेघ दोघांनी एकाच नजरेनं वाचली. कारण शोधायला भाच्याचं गणित लागलं, आणि दोष उघडा पाडायला मामांचा हात.

भाच्यानं मग कागदावर मांडलेला हिशेब मी तसाच देतो, कारण हातकामाची किंमत इतक्या स्वच्छपणे क्वचितच मांडली जाते. किर्लोस्करचं एव्ही-१ हे पाच हॉर्सपॉवरचं इंजिन घ्या. बोअर ८० मिमी, स्ट्रोक ११० मिमी, कॉम्प्रेशन १६.५ ला १. म्हणजे पिस्टन खालून वर येताना साधारण ५५३ घनसेंटिमीटर जागा कापतो, आणि वर पोहोचल्यावर हवेला उरते ती जागा फक्त ३६ घनसेंटिमीटरच्या आतबाहेर. आता सीट कापत कापत दोन्ही व्हॉल्व्ह १ मिमी आत गेले असं समजू. व्हॉल्व्हचं डोकं ३४ मिमी धरलं तर प्रत्येकामागे सुमारे ०.९ घनसेंटिमीटर जागा वाढली, दोन्ही मिळून १.८. कॉम्प्रेशन १६.५ वरून १५.७ च्या आसपास उतरलं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेची उष्णताच डिझेल पेटवते. म्हणून थंडीच्या पहाटे ते हँडल मारून मारून सुरू होत नाही आणि पांढरा धूर ओकतं. मालक नोझल बदलतो, पंप उघडतो. दोष असतो एका मिलिमीटरचा, तोही हेडात दडलेला.

भाचा: म्हणून म्हणतो, डेप्थ गेजनं व्हॉल्व्ह किती खोल आहे ते मोजा आणि लिहा. पेट्रोलच्या हेडाला ॲक्रिलिकची पट्टी ग्रीसनं चिकटवून ब्युरेटनं चेंबर भरा, किती मावतं ते लिहा. परदेशात हेडवाले फ्लो बेंचवर अठ्ठावीस इंच पाण्याच्या दाबफरकाला हवा मोजतात, म्हणून एकाचे आकडे दुसऱ्याला ताडून बघता येतात. फ्लो बेंच आपल्याला नको. गेज आणि वही तर हवी?

मामा: माझ्या बोटाला कळतं की.

भाचा: तुमच्या बोटाला कळतं. तुमच्यानंतर?

मामा: तू आहेस की.

भाचा: मी नाही, मामा. मी ग्राइंडर धरणार नाही. वीस-बावीस हजार फेऱ्यांचा तो ग्राइंडर इतकी वर्षं धरून तुमच्या बोटांना काय झालंय ते मी रोज बघतो. गार पाण्यात हात घातला की टोकं पांढरी पडतात. चहाचा कप धरताना कळत नाही गरम आहे की नाही. आणि मास्क तुम्ही खिळ्याला टांगून ठेवलाय.

यावर मामांनी उत्तर दिलं नाही, आणि मीही त्यांच्या तोंडी उत्तर घालणार नाही. थरथरणाऱ्या हत्यारानं बोटांचे मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या जातात, हे वैद्यकात पक्कं ठाऊक आहे, आणि गेलेली संवेदना फारशी परत येत नाही. ज्या बोटाला पायरी कळते त्याच बोटाची जाणीव हे काम खातं. हाताच्या कौशल्याचे गोडवे गाताना हा खर्च सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं. ग्राइंडर सलग न धरणं, झिजलेला बर वेळेवर बदलणं (बोथट बर जास्त थरथरतो), हात गरम ठेवणं, मास्क तोंडावर असणं, या फुकटच्या किंवा स्वस्तातल्या गोष्टी आहेत. त्या होत नाहीत याचं कारण घाई.

घाईच्या मुळाशी बिल आहे. हेडाच्या कामाचं बिल बघा: फेसिंगचा आकडा असतो, गाइड बदलल्याचा असतो, सीट कापल्याचा असतो. मशीननंतर हेड कापसानं, निळ्यानं, रॉकेलनं तपासलं, पायरी मोडली, बर काढले, याची ओळ नसते. ते ‘त्यातच आलं’. ज्या कामाची ओळ नाही त्याला वेळ नाही, ज्याला वेळ नाही ते कुणी शिकत नाही. आयटीआयच्या फिटरच्या दोन वर्षांच्या कोर्समध्ये मुलाचे सुरुवातीचे कित्येक दिवस कानस आणि गुण्या यांच्यातच जातात. म्हणजे हात तयार होतो. पण तो मुलगा कारखान्यात उमेदवारीला लागला की त्याच्या पुढ्यात येतं ते बटणाचं पॅनेल, आणि मामांसारख्यांच्या बाकाशेजारचं स्टूल रिकामंच राहतं.

भाच्याला मी शेवटी एकच विचारलं: उद्या तुझ्या स्वतःच्या गाडीचं हेड उघडलं तर कुणाकडे देशील?

भाचा: मशीनकाम मी स्वतः करीन. आणि बसवायच्या आधी मामांना दाखवीन.

मामा: आन् मी वहीत लिहून देईन. तू आकडे सांग, मी लिहितो.

माझं मत त्यांच्या या तडजोडीपेक्षा थोडं कडक आहे. आकार देण्याचं काम मशीनचं आहे आणि ते हातानं करू नये. पण मशीननंतर हेड तपासून बाहेर सोडणारा माणूस नसेल तर ते काम अर्धवट आहे, मग मशीन कितीही अक्षांचं असो. आणि त्या माणसानं बोटाला जे कळलं ते आकड्यात उतरवलंच पाहिजे.

म्हणून गाळेवाल्यांना विनंती: बिलात हातकामाची वेगळी ओळ घाला आणि तिचे पैसे घ्या. बोटवाल्यांना, रिक्षावाल्यांना, पंपवाल्यांना विनंती: हेड परत घेताना तीन गोष्टी लिहून मागा. सीटची रुंदी किती, व्हॉल्व्ह किती खोल बसला, रॉकेल ओतून ठेवल्यावर पोर्टमध्ये उतरलं की नाही. ज्याला हे सांगता येत नाही त्याच्याकडे पुढचं हेड देऊ नका. आणि ज्यांच्याकडे असा जुना फिटर अजून कामावर आहे, त्यांनी त्याच्या शेजारी एक उमेदवार यंदाच बसवावा. मासेमारीची बंदी १ जूनला लागते आणि हेडांची रांग तेव्हापासून लागते. मुलगा मे महिन्यातच बाकावर हवा.